अम्मीचा मेहर, खिलजीचा बाजार आणि चार टक्के महागाई

अम्मी-अब्बांचा निकाह 1974 सालचा. निकाहनाम्यात मेहर 525 रुपये लिहिलेला आहे, तोही मुअज्जल, म्हणजे नंतर द्यायचा. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने साधारण पाचशे रुपयांना मिळत होते. अब्बांनी हा मेहर 1998 साली आजारपणात अम्मीच्या हातावर ठेवला. पाचशेची एक नोट, वर वीस आणि पाच. तोवर दहा ग्रॅम सोने चार हजारांच्या आसपास पोचले होते. अम्मीने पैसे घेतले, हसली, आणि संध्याकाळी त्याच पैशांतून अब्बांची औषधे आणली.

सोने हे महागाईचे नेमके माप नाही, हे मला कळते. पण या गोष्टीत कुणीच कुणाला फसवले नाही आणि तरीही अम्मीचा हक्क जवळजवळ संपला, ही गोष्ट मला अजून टोचते. कागदावरचा आकडा तोच राहिला आणि त्या आकड्याची ताकद 24 वर्षांत विरघळून गेली. महागाई म्हणजे नेमके हेच. म्हणून वर्तमानपत्रात ‘रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य’ असे शब्द आले की आपल्यातले बरेच जण पान उलटतात, ते मला बरोबर वाटत नाही. ज्यांच्याकडे जमीन नाही, शेअर नाहीत, जे व्याज घेत नाहीत आणि चार पैसे डब्यात किंवा चालू खात्यात ठेवतात, त्यांच्याशी या विषयाचा संबंध सर्वांत जवळचा आहे.

हिशेब करून पाहा. एक लाख रुपये दहा वर्षे बिनव्याजी पडून राहिले आणि महागाई दरवर्षी 4 टक्के राहिली, तर त्यांची खरेदीची ताकद आजच्या साडेसदुसष्ट हजारांइतकी उरते. महागाई 6 टक्के राहिली तर छप्पन्न हजारांच्या आत येते आणि 10 टक्के राहिली तर साडेअडतीस हजारांवर. सूद न घेणाऱ्या माणसाला महागाईची झळ पूर्ण बसते, कारण त्याच्याकडे भरपाईचा दुसरा मार्ग नसतो. तेव्हा महागाई काबूत ठेवणे ही गरिबाच्या हिताची गोष्ट आहे, यावर माझे दुमत नाही. माझा प्रश्न पुढचा आहे. ती काबूत ठेवताना वजन कोणाच्या खांद्यावर पडते?

मी मालेगावात उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहासाचा तास रिकामा असला की तोही माझ्याकडे येतो. अल्लाउद्दीन खिलजीचा धडा शिकवताना हा प्रश्न दरवर्षी माझ्यासमोर उभा राहतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

1296 मध्ये अल्लाउद्दीनने आपल्या देवगिरीवर स्वारी केली. रामचंद्रदेव यादवाकडून मिळालेली अमाप दौलत घेऊन तो उत्तरेत परतला आणि त्याच पैशाच्या जोरावर तख्तावर बसला. दिल्लीकडे जाताना वाटेत गर्दीवर सोने उधळले गेले, असे झियाउद्दीन बरनी सांगतो. पुढे मंगोलांचे हल्ले वाढले. 1303 मध्ये तर्गीच्या फौजेने दिल्लीलाच वेढा घातला. मोठी खडी फौज ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते आणि तेवढा पगार द्यायला खजिना कायम पुरणार नव्हता. बरनीच्या म्हणण्यानुसार सुलतानाने यावर उपाय काढला तो असा: स्वाराचा पगार वर्षाला 234 टंके ठरवायचा आणि त्या पगारात त्याचे घर चालावे म्हणून बाजारभावच खाली बांधायचे.

भाव असे होते. एक मण गहू साडेसात जितल, जव चार जितल, तांदूळ पाच जितल. त्या वेळचा मण आजच्या मणाहून बराच लहान होता, हे विद्यार्थ्यांना मी आधीच सांगतो. धान्याच्या मंडीवर शहना नेमला. गल्लीबोळातली खबर सुलतानाकडे वेगवेगळ्या मार्गांनी पोचत असे, म्हणजे एकाने खोटे सांगितले तर दुसऱ्याकडून उघडे पडावे. धान्य वाहून आणणाऱ्या तांड्यांना यमुनेकाठी वसवले. दोआबातल्या खालसा गावांचा सारा धान्याच्या रूपाने घेऊन सरकारी कोठारे भरली. पाऊस कमी पडला की कोठारे उघडायची आणि माणसागणिक धान्य मोजून द्यायचे. दुष्काळी वर्षातही दिल्लीत भाव हलला नाही, असे बरनी नवलाने लिहितो. वजनात मारणाऱ्या दुकानदाराच्या अंगाचे मांस कापले जाई, हेही तोच लिहितो.

धड्यात एवढे आले की वर्गातली मुले खूश होतात. ‘सर, आज पण असाच बादशहा पाहिजे’ असे कुणीतरी म्हणतेच. मग मी फळ्यावर दुसरी बाजू लिहितो. उत्पन्नाचा निम्मा हिस्सा साऱ्यात जात होता. वसुली इतकी कडक होती की शेतकऱ्याने आपल्यापुरते ठेवून उरलेले धान्य शेतातच, सरकारी भावाने, तांडेवाल्यांना विकावे. साठा करायला बंदी. गावच्या खूत, मुकद्दम, चौधरींच्या सवलतीही काढून घेतल्या. दिल्लीची स्वस्ताई दोआबातल्या शेतकऱ्याने उचलून धरलेली होती.

या स्वस्ताईची आठवण कशी ठेवायची, यावर जुन्या लोकांतही एकमत नव्हते. बरनीला त्यात फौजेचा हिशेब दिसतो. अमीर खुसरोने ती रयतेवरची मेहरबानी म्हणून रंगवली. हजरत नसीरुद्दीन चिराग देहलवी यांच्या ‘खैर-उल-मजालिस’ या मल्फुजातातही सुलतानाला गरिबांची फिकीर होती असाच सूर आहे. हे भाव फक्त दिल्लीपुरते होते की दूरच्या मुलखातही, यावर आजचे इतिहासकार वाद घालतात. मला यात एक गोष्ट लक्षात घ्यावीशी वाटते. शहरात राहून खाणाऱ्याची आठवण लिहिली गेली. पिकवणाऱ्याने काय आठवण ठेवली, ते सांगणारा ग्रंथ आपल्याकडे नाही. 1316 मध्ये अल्लाउद्दीन वारला आणि मुलगा कुतुबुद्दीन मुबारकच्या राज्यात ही सगळी व्यवस्था ढासळली.

दुसरा धडा मुहम्मद तुघलकाचा. 1329-30 च्या सुमारास त्याने तांब्या-पितळेची नाणी काढून ती चांदीच्या टंक्याइतकीच धरावीत असे फर्मावले. काही नाणी आपल्या दौलताबादेच्या टांकसाळीतही पडली. कल्पना वेडी नव्हती. आज आपण जी नोट वापरतो तीही कागदच आहे. पण नकली नाणे ओळखण्याची आणि रोखण्याची सोय त्याने केली नाही. घरोघर नाणी पडू लागली, व्यापाऱ्यांनी ती नाकारली, आणि शेवटी सुलतानाने तांबे परत घेऊन खजिन्यातून चांदी दिली. पैशाची किंमत लोकांच्या भरवशावर उभी असते आणि तो भरवसा हुकूम काढून मिळत नाही, एवढे या प्रकरणातून कळते.

आजची ‘महागाई लक्ष्य’ पद्धत याच भरवशाच्या प्रश्नातून जन्मली. न्यूझीलंडने 1989 मध्ये कायदा करून आपल्या मध्यवर्ती बँकेला भाव स्थिर ठेवण्याचे काम दिले. पुढच्या वर्षी 0 ते 2 टक्के असे लक्ष्य ठरले. कल्पना साधी आहे. महागाई किती असावी तो आकडा आधीच जाहीर करायचा. महागाई त्यापुढे जाऊ लागली की बँकेने व्याजदर वाढवायचा, म्हणजे कर्ज महागते, खरेदी मंदावते आणि भाव निवळतात. लोकांचा आकड्यावर विश्वास बसला की व्यापारी आणि कामगारही त्याच अंदाजाने भाव आणि मजुरी ठरवतात, त्यामुळे व्याजदर फार वाढवावा लागत नाही. ब्राझीलने 1999 मध्ये, दक्षिण आफ्रिकेने 2000 मध्ये ही पद्धत घेतली.

भारतात 2010 ते 2013 या काळात किरकोळ महागाई दहा टक्क्यांच्या आसपास घोटाळत होती. रघुराम राजन गव्हर्नर असताना ऊर्जित पटेल समितीने जानेवारी 2014 मध्ये अहवाल दिला. फेब्रुवारी 2015 मध्ये केंद्र सरकार आणि रिझर्व्ह बँकेत करार झाला, 2016 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि लक्ष्य ठरले 4 टक्के, खाली 2 आणि वर 6 पर्यंत मोकळीक. व्याजदर ठरवायला सहा जणांची समिती आली, तीन बँकेचे आणि तीन सरकारने नेमलेले. सलग तीन तिमाही सरासरी 6 च्या वर किंवा 2 च्या खाली राहिली तर बँकेने सरकारला कारणे लेखी द्यायची. 2021 मध्ये हेच लक्ष्य आणखी पाच वर्षांसाठी कायम झाले.

पहिली काही वर्षे पद्धत यशस्वी दिसली. 2016 च्या अखेरीपासून करोना येईपर्यंत महागाईची सरासरी 4 च्या जवळ होती. अम्मीच्या मेहरासारखे आणखी किती हक्क यामुळे थोडे हळू विरघळले असतील. हे श्रेय नाकारू नये.

पण आपला देश न्यूझीलंड नाही. महागाई मोजायची जी टोपली 2012 च्या पायावर बांधली गेली, तिच्यात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ 46 टक्के होता. श्रीमंत देशांत तो पाचव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. आपल्याकडे महागाई वर गेली की बहुतेक वेळा पाऊस चुकलेला असतो, भाजी सडलेली असते किंवा परदेशात तेल भडकलेले असते. मुंबईत व्याजदर वाढवून टोमॅटो लवकर पिकत नाही. जुलै 2023 मध्ये महागाई 7.44 टक्क्यांवर गेली तेव्हा भाज्या वर्षभरात 37 टक्क्यांनी महागल्या होत्या. त्याआधीच, मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत, रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला गेला होता.

हा दर माझ्या गावात कसा पोचतो ते सांगतो. आमच्याकडे चार-सहा माग चालवणारा माणूस बँकेच्या दारात क्वचितच जातो. तो सूतवाल्याच्या उधारीवर जगतो. बँकेने व्यापाऱ्याचे कर्ज महाग केले की व्यापारी उधारीची मुदत कमी करतो. मग मालक एक पाळी बंद ठेवतो आणि मागावरच्या मजुराचा आठवड्याचा पगार अर्ध्यावर येतो. महिनाअखेर माझ्या वर्गात दोन-तीन मुले दिसेनाशी होतात. विचारले तर कळते, कांडी भरायला बसलीत. त्यांच्या घरात कुणी रेपो हा शब्द ऐकलेला नसतो.

व्याजदराचा हात भाजीपर्यंत पोचत नाही, म्हणून भाजीचे काम सरकार स्वतः करते, आणि तिथे मला खिलजीची मंडी आठवते. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती मे 2024 मध्ये उठली, तीही शुल्क ठेवून. डिसेंबरमध्ये आमच्याकडे लाल कांदा निघतो. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, लाल कांद्याला तेवढा दम नसतो. काढला की विकावाच लागतो.

त्या आठवड्यात मी शाळेत खुशीत होतो, कारण मोहल्ल्यात कांदा उतरला होता. माझे एक सहकारी देवळा तालुक्यातले. घरची तीन एकर जमीन, निम्म्यात कांदा. मधल्या सुट्टीत ते डबा उघडून बसले होते, खात नव्हते.

मी म्हणालो, “सर, कांदा उतरला, बरं झालं.”

ते म्हणाले, “तुमचा उतरला सर, आमचा बसला.”

मला काही उत्तर सुचले नाही. आम्ही दोघे एकाच पगारपत्रकावर सही करतो, एकाच फळ्यावर लिहितो. पण त्या दिवशी माझ्या घरची बचत त्यांच्या घरच्या नुकसानीतून आली होती. मालेगाव शहर खाते आणि आजूबाजूचा कसमादे पट्टा पिकवतो. शहरात आपण जास्त, खेड्यात ते जास्त. या हिशेबातून गैरसमजही वाढतात, म्हणून तो नीट समजून घेणे आपल्या गावासाठी महत्त्वाचे आहे.

हे एकदाच घडले असेही नाही. 2018 च्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने 750 किलो कांद्याचे हाती आलेले 1,064 रुपये निषेध म्हणून मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवले होते. त्या हिवाळ्यात देशाचा महागाई दर 2 टक्क्यांच्या जवळ होता. ऑक्टोबर 2025 मध्ये तर हा दर 0.25 टक्क्यावर आला आणि अन्नाचे भाव वर्षभरापूर्वीच्या तुलनेत 5 टक्क्यांनी खाली होते. शहरातल्या मजुराला यात दिलासा मिळाला, आणि मिळायलाच हवा होता. पण हा दिलासा कुणाच्या खिशातून आला ते महागाईच्या आकड्यात दिसत नाही.

मग हे लक्ष्यच सोडून द्यावे का? इथे मला आपल्या वाचकांशी स्पष्ट बोलायचे आहे. डिसेंबर 2021 मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनी, मुसलमान म्हणून आपण ‘नस’ म्हणजे धर्माचा स्पष्ट हुकूम पाळणार असे सांगून, व्याजदर कमी करण्याचे समर्थन केले. आपल्या अनेक ग्रुपवर ते भाषण कौतुकाने फिरले. मीही ते पुढे पाठवले होते. सप्टेंबर 2021 मध्ये 19 टक्के असलेला दर वर्षअखेर 14 वर आणि पुढे 8.5 पर्यंत खाली गेला. कागदावर तिथेही 5 टक्के महागाईचे लक्ष्य होतेच. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई सरकारी आकड्यांनुसारच 85 टक्क्यांच्या वर गेली. लिराचा भरवसा गेला. ज्यांच्याकडे डॉलर, सोने, घरे होती ते तरले. पगारावर आणि पेन्शनवर जगणारे बुडाले. 2023 च्या निवडणुकीनंतर त्याच सरकारला दर वाढवत नेऊन मार्च 2024 मध्ये 50 टक्क्यांवर ठेवावा लागला.

सूद हराम आहे हा माझाही विश्वास आहे. पण कागदी चलनाची किंमत सांभाळण्याची दुसरी सोय उभी न करता नुसता दर खाली आणला तर गरिबाच्या हातातला पैसा वितळतो, आणि तोही जुल्मच आहे. इमाम अबू यूसुफ यांच्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे दमास्कसचे इब्न आबिदीन यांच्यापर्यंत हनफी फकीहांनी नाण्याची किंमत बदलली तर कर्ज कशाने फेडायचे, यावर बारकाईने विचार केला आहे. इब्न आबिदीन यांनी तर त्यावर स्वतंत्र रिसाला लिहिला. आपल्या बुजुर्गांना हा प्रश्न परका नव्हता. आपण मात्र निकाहनाम्यात आजही रुपयांचा आकडा लिहून मोकळे होतो.

तेव्हा माझे मत असे. विकसनशील देशाला महागाईचे लक्ष्य हवे, कारण ते सोडण्याची किंमत तुर्कस्तानात दिसली आहे. पण ते श्रीमंत देशाच्या मापाने जसेच्या तसे घालू नये. 2023-24 च्या आर्थिक पाहणीत एक सूचना आली होती की लक्ष्य ठरवताना अन्न वगळण्याचा विचार व्हावा. मला ती पटत नाही. गरिबाच्या खर्चातला निम्मा भाग अन्नाचा असताना तोच मोजायचा नाही, तर मग मोजणी कुणासाठी? अन्न मोजले पाहिजे, पण पाऊस चुकल्याने चढलेल्या भावासाठी मागवाल्याचे कर्ज महाग करण्याची घाईही करू नये. 2 ते 6 ची मोकळीक त्यासाठीच आहे.

अन्नाच्या भावाचे काम कोठारांचे, पाण्याचे आणि चाळींचे आहे, आणि ते सरकारचे आहे. खिलजीकडून शिकायचे असेल तर कोठारे शिकावीत, शेतातच कमी भावाने उचल करणे शिकू नये. सरकारने कांदा घ्यावा तो भाव पडलेला असताना आणि बाजारात सोडावा तो चढलेला असताना. निर्यातीचे नियम पेरणीआधी सांगावेत, काढणीच्या तोंडावर बदलू नयेत. आणि महागाई 6 च्या वर गेली की बँकेला जशी लेखी कारणे द्यावी लागतात, तशी अन्नामुळे ती हलली तर सरकारनेही संसदेला द्यावीत. ते पत्र उघड असावे. 2022 मध्ये सलग तीन तिमाही मर्यादा ओलांडल्यावर रिझर्व्ह बँकेने सरकारला पत्र लिहिले, पण ते लोकांसमोर आले नाही. ज्यांच्या ताटातली ही गोष्ट आहे त्यांना ते वाचता आले पाहिजे.

घरापुरता एक बदल मात्र आपण स्वतः करू शकतो. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा निकाह झाला. काझीसाहेबांनी रकमेची जागा रिकामी ठेवून माझ्याकडे पाहिले. मी अम्मीकडे पाहिले. अम्मी म्हणाली, “रुपये नको, सोनं लिहा. ग्रॅममध्ये.” मुलाकडच्यांनी थोडी कुरकुर केली, मग कबूल झाले.